थेंबाची वाट

घरात मूल जन्मले की जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे प्रश्न विचारतो. पुरुष मंडळी वजन विचारतात; जणू काही तेवढा आकडा त्यांना कुठे तरी नोंदवून ठेवायचा असतो. तरुण मुली बाळाचे नाक कुणावर गेले आहे याची चौकशी करतात. शेजारीपाजारी मुलगा की मुलगी ते विचारतात आणि उत्तर कोणतेही आले तरी तोंड भरून "छान, छान" म्हणतात. पण घरातली एखादी म्हातारी, जिच्या हाताखालून पाच-दहा बाळंतपणे गेलेली आहेत, ती कोपऱ्यातून दोनच गोष्टी विचारते: "लगेच रडलं का गं? आणि शू झाली का?"

या दुसऱ्या प्रश्नाचे लहानपणी मला हसू येई. इतक्या मंगल प्रसंगी विचारण्यासारखी ही गोष्ट आहे का, असे वाटे. पुढे मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. तीस वर्षे शिकवले आणि त्यातली बहुतेक वर्षे मूत्रपिंड हा विषय माझ्याकडे राहिला. त्याचे कारण माझी विद्वत्ता हे नसून, तो दुसऱ्या कुणाला नको असे, हे होते. हृदयाला कवी मिळाले, मेंदूला तत्त्वज्ञ मिळाले. मूत्रपिंडाच्या वाट्याला मात्र लोकांचे मुरडलेले नाक आले. शिकवता शिकवता केव्हा तरी माझ्या ध्यानात आले, की म्हातारीचे ते दोन प्रश्न म्हणजे एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. रडले का, म्हणजे प्राणवायू आत शिरला का? आणि शू झाली का, म्हणजे तो शिरलेला प्राणवायू शरीराच्या अगदी शेवटच्या घरापर्यंत पोचला का?

हे 'शेवटचे घर' मी उगाच म्हणत नाही. पण तिथवर जाण्यापूर्वी बाळाच्या जन्माआधीची हकीकत सांगायला हवी.

पोटातल्या बाळाला मूत्रपिंडाची तशी गरज नसते. त्याच्या रक्ताची सारी धुलाई वार करते आणि आईच्या हवाली करते. तरीसुद्धा दहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची चिमुकली मूत्रपिंडे मूत्र तयार करू लागतात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात ज्या गर्भजलात बाळ तरंगत असते, ते बहुतांशी त्याचेच मूत्र असते. ते ते गिळते, श्वासाच्या हालचालींबरोबर फुप्फुसांत घेते, पुन्हा बाहेर सोडते. या पाण्यावाचून फुप्फुसे वाढत नाहीत. शिकागोच्या एडिथ पॉटर या विदुषीने १९४६ साली मूत्रपिंडांवाचून जन्मलेल्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बाळांची फुप्फुसे खुरटलेली होती. म्हणजे ज्या फुप्फुसांनी पुढे जन्मभर मूत्रपिंडाला प्राणवायू पुरवायचा, त्या फुप्फुसांना आधी मूत्रपिंडानेच वाढवलेले असते. शरीरात उपकारांची फेड अशी उलटसुलट चालते.

मूत्रपिंडातल्या गाळण्या, ज्यांना आम्ही नेफ्रॉन म्हणतो, त्या एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख असतात. कुणात कमी, कुणात कितीतरी जास्त. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची घडण संपते. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मानंतर एकही नवी गाळणी तयार होत नाही. जी पुंजी घेऊन आलो तिच्यावरच शंभरी गाठायची. यातली काही पहिल्याच दिवशी गमावली तर तिचा हिशेब चाळीस-पन्नास वर्षांनी, वाढलेल्या रक्तदाबाच्या रूपाने पुढे येऊ शकतो, असे प्रतिपादन बोस्टनच्या ब्रेनर यांनी १९८८ साली केले, आणि तेव्हापासून डॉक्टर लोक नवजात बाळाच्या मूत्रपिंडाकडे जरा अधिक आदराने पाहू लागले.

आता शेवटच्या घराची गोष्ट. इंदापूरच्या बाजूला, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे माझ्या वडिलांची थोडी जमीन होती. कागदोपत्री पाण्याचे आवर्तन सगळ्यांना सारखेच. पण वरच्या अंगाचा ऊस पिऊन पिऊन तृप्त झाल्यावर जे काही उरेल ते आमच्या चारीला येई. रात्री-अपरात्री कंदील घेऊन वडील दारे धरायला जात आणि पाटकऱ्याच्या मर्जीवर आमची ज्वारी जगे. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्याचा विषय निघाला, की मला हटकून ती चारी आठवे. कारण मोठ्या माणसाच्या शरीराच्या वजनाचा जेमतेम दोनशेवा भाग असलेली ही दोन मूत्रपिंडे हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा घेतात. वरून पाहणाऱ्याला वाटावे, यांच्याइतके सधन कुणी नाही. पण हे रक्त बहुतेक सारे बाहेरच्या थरातून फिरते. तिथे प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ५० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर आतल्या गाभ्यात तो १० ते २० वर येतो. गाभ्यात उतरणारी रक्तवाहिनी आणि तिथून परतणारी रक्तवाहिनी एकमेकींना इतक्या बिलगून असतात, की प्राणवायू तळाशी पोचण्याआधीच एकीतून दुसरीत झिरपून माघारी जातो. पाटाचे पाणी वाटेतच पाझरावे तसे.

आणि या कोरडवाहू भागात काम मात्र भरपूर. मोठ्या माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि दीड-दोन लिटर वगळता सगळे परत घेतात. गाळण्याचे काम हृदयाच्या रेट्यावर होते, त्याला मूत्रपिंडाचे पदरचे फारसे काही खर्च होत नाही. खर्च होतो तो गाळलेले मीठ परत ओढून घेण्यात. मूत्रपिंड जो प्राणवायू वापरते त्यातला मोठा भाग या एका कामावर जातो. म्हणून मूत्रपिंडाचा संसार समजून घ्यायचा तर एवढे लक्षात ठेवावे: जितके जास्त गाळाल तितके जास्त परत आणावे लागेल, आणि तितका जास्त प्राणवायू लागेल.

गर्भात असताना हृदयाच्या रक्तातला जेमतेम तीन-चार टक्के वाटा मूत्रपिंडांकडे जातो. जन्म झाला, वार सुटली, की तो वाटा दिवसागणिक वाढू लागतो. थोडक्यात, जन्माच्या दिवशी चारीला नुकतेच कुठे पाणी सुटत असते. नेमक्या त्याच घटकेला बाळ गुदमरले तर?

तर बाळाचे शरीर दुष्काळातल्या जाणत्या कारभाऱ्यासारखे वागते. जे थोडे उरले आहे ते मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावरच्या त्या टोपीएवढ्या अधिवृक्क ग्रंथी यांच्याकडे वळवते. कातडी, आतडी आणि मूत्रपिंडे यांचे पाणी तोडते. खोल समुद्रात बुडी मारणारा सील मासेही हीच युक्ती वापरतो. मूत्रपिंडही हूं की चूं करीत नाही. उलट स्वतःच स्वतःचे दार ओढून घेते. ते कसे, ही फार सुरेख गोष्ट आहे. पेशींचे जळण म्हणजे एटीपी नावाचे द्रव्य. ते जळत जळत गेले की शेवटी अडिनोसीन उरते. राखच म्हणा. पण ही राख मुकी नसते. जळण संपत आल्याचा निरोप ती घेऊन जाते. हृदयात तो निरोप पोचला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. मूत्रपिंडात पोचला की गाळणीत रक्त आणणारी बारीक वाहिनी आवळली जाते. गाळणे थांबते, ओढण्याचे काम थांबते, प्राणवायूची मागणी उतरते.

म्युनिकचे क्लाउस थुराउ आणि त्यांचे सहकारी बॉयलन यांनी १९७६ साली एक निबंध लिहिला. जखमी मूत्रपिंडाने मूत्र करणे थांबवले, की आपण त्याला मूत्रपिंडाचे अपयश म्हणतो. यांनी म्हटले, हे तर त्याचे यश! मीठ-पाणी परत ओढण्याची ताकद गेली असताना त्याने गाळणे मात्र चालूच ठेवले असते, तर काही तासांत शरीर कोरडे पडले असते. हा निबंध मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगत असे. वर्गातली मागच्या बाकावरची मुलेसुद्धा तेवढ्यापुरती मान वर करीत.

पण शहाणपणालाही मुदत असते. मूत्रपिंडाच्या नळ्यांना पोसणारे रक्त आधी गाळणीतूनच पुढे जाते. पाटकऱ्याने वरचे दार पाडले म्हणजे वरचा ऊस पाणी मागायचा थांबतो खरा, पण शेपटाकडची ज्वारीही वाळते. दार पाडणे पहिल्या प्रहरी शहाणपणाचे असते. तेच दार दुसऱ्या दिवसापर्यंत पडलेले राहिले, की ज्याला वाचवायचे तेच मरू लागते. तेव्हा प्रश्न येतो, की बाहेरून कुणी हळूच ते दार थोडे उचलू शकेल का?

इथे आपल्याला औषधांच्या गुपिताकडे वळले पाहिजे. एकच अडिनोसीन हृदयात वाहिनी रुंद करते आणि मूत्रपिंडात अरुंद करते, हे कसे? याचे उत्तर निरोपात नसते, तो ऐकणाऱ्यात असते. केंब्रिजचे लँगली यांनी १९०५ साली निकोटीन आणि क्युरारे या दोन विषांचे स्नायूंवरचे प्रयोग करताना अनुमान काढले, की पेशीत असे काही तरी ग्रहण करणारे द्रव्य असले पाहिजे, की ज्याला ही विषे जाऊन चिकटतात. त्यालाच आज आपण रिसेप्टर म्हणतो, मराठीत ग्राही. अडिनोसीनचे असे चार प्रकारचे ग्राही आज माहीत आहेत. मूत्रपिंडाच्या आणणाऱ्या वाहिनीवर जो 'ए-वन' नावाचा ग्राही आहे, तो अडिनोसीन ऐकले की वाहिनी आवळतो. त्याच्या कानात आधीच बोळा घातला तर? निरोप येईल, पण ऐकू जाणार नाही. दार पडणार नाही.

हा बोळा कुठे सापडला म्हणता? चहात. १८८८ साली जर्मनीत अल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांच्या अर्कातून एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला थिओफिलीन हे नाव दिले. नावाचा अर्थच मुळी चहाचे पान. आपल्या कपात ते नावापुरतेच असते. चहाची तरतरी येते ती त्याच्या भावंडामुळे, कॅफीनमुळे. पण दोघांचाही धंदा एकच: अडिनोसीनच्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि गप्प राहायचे. दमेकऱ्यांना थिओफिलीन कित्येक वर्षे दिले गेले. अपुऱ्या दिवसांची बाळे श्वास घ्यायला विसरतात, त्यांना आज कॅफीन देतात. उठल्या उठल्या चहावाचून ज्यांचे डोळे उघडत नाहीत, त्यांनी आपली गणना या बाळांत करायला हरकत नाही.

परंतु कानात बोळा घालणे हे सरसकट हिताचे नसते. मी स्वतः रोज सकाळी रक्तदाबासाठी लोसार्टनची गोळी घेते. तीही ग्राहीवरच बसते, अँजिओटेन्सिनच्या. माझ्या वयाला ती मूत्रपिंड जपणारी आहे. तिच्या पाकिटावर मात्र गर्भवतीने ती घेऊ नये असा इशारा असतो, आणि त्याला सबळ कारण आहे. पोटातल्या बाळाचा रक्तदाब इतका कमी असतो, की गाळणीतून बाहेर पडणारी वाहिनी अँजिओटेन्सिनने आवळून धरली तरच आत गाळण्यापुरता दाब राहतो. तो निरोप बंद पाडला की बाळाचे मूत्र आटते, पाठोपाठ गर्भजल आटते आणि फुप्फुसे खुरटतात. आजीला तारणारी गोळी नातवंडाला मारू शकते. औषध एकच, ग्राहीही एकच. फरक एवढाच, की एक संसार आवरता घेत आहे आणि दुसरा मांडत आहे. नवजात बाळ म्हणजे मोठ्या माणसाची लहान आवृत्ती नव्हे, हे बालरोगतज्ज्ञांचे आवडते वाक्य मला या एका उदाहरणाने पटले.

हे सारे मी फळ्यावर बाण काढून शिकवले होते. २०१३ साली ते बाण माझ्या घरात शिरले. माझी मुलगी बाळंत झाली. कळा लांबल्या, नाळेचा वेढा बसला होता, आणि बाळ रडले नाही. डॉक्टरांनी फुग्याने श्वास दिला. काही मिनिटांनी ते मांजराच्या पिलासारखे कण्हले आणि लगेच त्याला काचेत हलवले. म्हातारीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अर्धेमुर्धेच मिळाले. दुसऱ्याची वाट पाहत मी आणि माझ्या विहीणबाई बाहेरच्या बाकावर बसलो.

विहीणबाई खेड्यातल्या. शाळा चौथीपर्यंत. पण घरातली आणि भावकीतली किती तरी बाळंतपणे त्यांनी काढलेली. दर तासाला एक सिस्टर बाहेर येई आणि विहीणबाई पदर सावरून उभ्या राहत. "सिस्टर, शू झाली का हो बाळाला?" सिस्टर मान हलवी. त्या पुन्हा बसत. मग मला म्हणत, "होईल हो विहीणबाई. माझ्या धाकट्याला दुसऱ्या दिवशी झालती."

आतल्या तरुण डॉक्टरने मला ओळखले. मी कधी त्याला शिकवले नव्हते, पण माझ्या विद्यार्थ्याचा तो विद्यार्थी होता. तो म्हणाला, "मॅडम, पहिल्या तासातच अमिनोफिलीनचा एक डोस दिलाय. एकच. आता वाट बघायची." अमिनोफिलीन म्हणजे थिओफिलीनचेच पाण्यात सहज विरघळणारे रूप. मी विचारले, "क्रिएटिनिन?" तो थोडा हसला. "मॅडम, आज ते बाळाचं नसतं ना." खरे होते ते. पहिल्या दिवशी बाळाच्या रक्तात जे क्रिएटिनिन सापडते, ते वारेतून आलेले आईचेच असते. काचेतल्या त्या जिवाच्या कागदावर लिहिलेली संख्या माझ्या मुलीची होती. बाळाचे स्वतःचे म्हणून सांगण्यासारखे अजून काहीच आले नव्हते. रक्त काही सांगत नाही, पोट काही सांगत नाही. सांगेल तर तो एक थेंब.

कुणी तरी कागदी पेल्यात चहा आणून दिला. तो हातात धरून मी बराच वेळ बसले. तीस वर्षे ज्याची सूत्रे फळ्यावर लिहिली, ते आत एका पावणेतीन किलोच्या देहात काम करीत होते किंवा करीत नव्हते. आणि माझ्या साऱ्या ज्ञानाचा उपयोग एवढाच होता, की भीती कशाची वाटायला हवी ते मला विहीणबाईंपेक्षा अधिक तपशिलाने ठाऊक होते.

एकतिसाव्या तासाला सिस्टर बाहेर आली ती हसतच. "झाली हो आजी. चार मिली." विहीणबाईंनी तिथल्या तिथे भिंतीला हात लावून नमस्कार केला. भिंतीवर देव नव्हता, लसीकरणाचा तक्ता होता. मीही केला.

माझी नात आता शाळेत जाते, झाडावर चढते, आणि वर्षातून एकदा तिचा रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी लागते म्हणून कुरकुरते. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो थेंब औषधाने आला, असे मी म्हटलेले नाही. म्हणता येणार नाही. गुदमरलेल्या कित्येक बाळांना काहीही न देता दुसऱ्या दिवशी शू होते. विहीणबाईंच्या धाकट्याला झालीच होती. एका बाळाच्या लघवीने आजीचे समाधान होते, शास्त्राचे होत नाही.

शास्त्राचे कसे होते? आधी सशांवर. १९८८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील गुइन्यार आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले, की सशांचा प्राणवायू कमी केला असता मूत्रपिंडातला रक्तप्रवाह जो खालावतो, तो थिओफिलीनने सावरतो. मग २००० साली अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या डॉक्टरांनी गुदमरून जन्मलेल्या ५१ बाळांचा प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. २४ बाळांना जन्मानंतर लगेच थिओफिलीनची एक मात्रा दिली. २७ बाळांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली सुई दिली. कुणाला काय दिले ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. औषध मिळालेल्यांपैकी ४ बाळांची मूत्रपिंडे गंभीरपणे बिघडली; न मिळालेल्यांपैकी १५ बाळांची. पुढे इजिप्तमध्ये, इराणमध्ये आणि २००६ साली आपल्याकडे श्रीनगरच्या डॉक्टरांनीही असेच प्रयोग प्रसिद्ध केले, आणि कौल त्याच बाजूला पडला. या आधारावर २०१२ साली मूत्रपिंडाच्या विकारांविषयी जगभरच्या तज्ज्ञांनी जी मार्गदर्शिका काढली, तीत अशा बाळांना थिओफिलीनची एक मात्रा द्यावी असे सुचवले. सुचवले, आज्ञा केली नाही. कारण मूत्रपिंडे सावरली तरी बाळे जगण्याच्या प्रमाणात फरक दिसलेला नाही. शिवाय मात्रा अधिक झाली तर हृदय धावू लागते, झटके येतात.

ही सावधगिरी शास्त्राने ठेच खाऊन मिळवली आहे. डोपामीन नावाचे औषध अगदी थोड्या मात्रेत दिले की मूत्र वाढते. मूत्र वाढले म्हणजे मूत्रपिंड वाचले, अशा समजुतीने ते अतिदक्षता विभागांतून वर्षानुवर्षे दिले गेले. २००० साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी ३२८ मोठ्या रुग्णांवर रीतसर पडताळा घेतला, तेव्हा दिसले की त्याने मूत्रपिंड वाचत नाही. दमलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावले टाकतो; त्याला वैरण मिळाली असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून थेंब दिसला की आजीने आनंद करावा, डॉक्टरने मात्र तो कशाच्या जोरावर आला ते पाहावे.

आणि अलीकडे ते पाहण्याची एक सोय झाली आहे. अंधारात बॅटरीवर तळवा ठेवला की बोटे लालबुंद दिसतात, हा खेळ लहानपणी आपण सगळेच खेळलो आहोत. तांबड्या रंगाच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मांसातून याहून खोल जातो, आणि प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली या प्रकाशाने कवटीतून मेंदूतल्या प्राणवायूचा अंदाज घेता येतो हे दाखवले. नवजात बाळाच्या पाठीवर चरबी ती कितीशी! मूत्रपिंड कातडीखाली बोटभर अंतरावर असते. तिथे कंबरेच्या वर एक मऊ पट्टी चिकटवली, की सुईशिवाय, रक्ताशिवाय, आतल्या प्राणवायूचा आकडा पडद्यावर दिसू लागतो. थेंबाची वाट पाहण्याआधीच चारीत पाणी आहे की नाही ते कळते.

पण आकडाही भोळेपणाने वाचून चालत नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी, गुदमरल्यानंतर अंग थंड ठेवून उपचार चाललेल्या बाळांची अशी मोजमापे प्रसिद्ध केली. एक दिवस उलटल्यावर ज्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, त्यांचा आकडा निरोगी मूत्रपिंडांपेक्षा कमी असेल असे कुणालाही वाटेल. तो जास्त होता! प्रथम ऐकले तेव्हा मी चकित झाले. मग वाटले, यात चकित होण्यासारखे काय आहे? मुलाचा शाळेचा डबा भरलेला परत आला, तर आई काही डब्यात पोळी उरली म्हणून खूश होत नाही. ती आधी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहते. जखमी मूत्रपिंड प्राणवायू खातच नाही, म्हणून तो उरतो.

आज वेगवेगळ्या देशांत याच वाटेवर काम चालू आहे. भारतासह चार देशांतल्या २४ रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीत, कॅफीन मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी ११ टक्क्यांच्या मूत्रपिंडांना इजा झालेली आढळली, तर न मिळालेल्यांपैकी ३२ टक्क्यांच्या. ही नुसती तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी नव्हे. म्हणून तिच्यावर इमारत बांधता येत नाही, पाया कुठे खणावा एवढे समजते.

मला मात्र या साऱ्या वाचनात एकाच आकड्याशी थांबायला होते. ब्वेनोस आयरेसची ती २७ बाळे. त्यांच्या आयांना, बापांना जन्माच्या पहिल्या तासाभरात कुणी तरी गाठून समजावले असेल, की आम्हांला अजून माहीत नाही म्हणून आम्ही चिठ्ठी टाकणार आहोत. आपले मूल आत तडफडत असताना त्यांनी हो म्हटले. वर्गात मी 'तुलनेचा गट' असे दोन शब्द उच्चारून पुढे जात असे. बाकावर बसलेले असताना मला कुणी विचारले असते तर मी काय म्हटले असते, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. मनातून मला वाटते, मी म्हटले असते: दुसऱ्या कुणाच्या मुलाची चिठ्ठी टाका, माझ्या नातीला औषध द्या.

ज्यांच्या सुईत काही नव्हते, त्या बाळांपैकी १५ जणांची मूत्रपिंडे बिघडली, आणि त्यामुळेच पुढच्या बाळांना काय द्यावे हे कळले. ती बाळे आज पंचविशीच्या पुढे असतील. जी जगली ती. आपल्याकडे माणूस जन्माला येतानाच देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊन येतो असे मानतात. तिघेही आपल्यापेक्षा वडील. पण आपल्या आधी काही तास जन्मलेल्या, नाव नसलेल्या, अजून डोळेही न उघडलेल्या कुणाचे ऋण आपल्यावर असू शकते, हे त्या यादीत कुठे लिहिलेले नाही. ते लिहायला हवे असे मला वाटते.